दहा झटके आणि मधलं मिनिट

खरं सांगते, आधी मला वाटलं ही बाई करणी करते. हसा, हसा. आता मी पण एवढी हसते की ठसका लागतो, पण तेव्हा खरंच घाबरले होते.

कामोठ्यात आमच्या बिल्डिंगच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून, जमिनीत एक लोखंडी झाकण आहे. एप्रिलमधला रविवार होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली बघते तर आमच्या समोरच्या दारातली संघमित्रा खिल्लारे ते झाकण उघडून बसलेली. आत मूठभर खडेमीठ टाकलं, वर बादलीभर पाणी ओतलं, आणि उकिडवी बसून बघत राहिली. ओठ हलत होते. पुढच्या रविवारी परत तेच. मी काय गप्प बसणारी आहे? दोन्ही रविवारी मीठ-मिरच्या घेऊन घरातल्या सगळ्यांची दृष्ट काढली, नातवाची तर दोनदा. तिसऱ्या रविवारी थेट खाली जाऊन उभी राहिले.

“काय गं, कोणाच्या नावाने चाललंय हे?”

तिने मान वर केली. बघितलं. बघतच राहिली. म्हटलं, आता ही मलाच काहीतरी करते. मग शांतपणे म्हणाली, “अर्थिंग आहे काकू. गच्चीवर वीज पडली तर ह्या खड्ड्यातून जमिनीत जाते. माती कोरडी पडली की नीट जात नाही. म्हणून उन्हाळ्यात पाणी घालायचं.”

“आणि मीठ?”

“मिठाने ओल टिकते.”

“आणि ते पुटपुटणं?”

“पाणी किती सेकंदात मुरतं ते मोजायले होते.” झाकण लावून ती उठली. “आणि काकू, करणीबिरणी आम्ही मानत नाही. तुमच्या मिरच्यांचा खकाणा मात्र दोन रविवार माझ्या बेडरूमपर्यंत आलाय.”

झालं. त्या दिवसापासून ही माझी.

वय सेहेचाळीस. मूळची हिंगोलीकडची. पनवेलला डिप्लोमा करायला आली ती इकडचीच झाली. लग्न केलं नाही. का, ते मी तीन वेगवेगळ्या बाजूंनी विचारून बघितलं, तिन्ही वेळा तिला अचानक गॅसवरचं दूध आठवलं. आई, गिरजाबाई, तिच्याजवळ असायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हापासून घरात एकटी. दाराबाहेरच्या स्टँडवर आईच्या चपला अजून आहेत. मी एकदा म्हटलं, देऊन टाक कोणाला तरी. म्हणाली, “असू द्या काकू. कुरिअरवाल्याला वाटतं घरात दोघी आहेत.” मी पुढे काही बोलले नाही. मी बोलले नाही, म्हणजे बघा.

नोकरी तळोज्याला, एका लॅबमध्ये. तुमच्याआमच्या घरातला वायफायचा डबा, जिन्यातली इंटरनेटची पेटी, टॉवरखालची मशीन, असलं सगळं बाजारात जायच्या आधी तिथे येतं आणि मार खातं. मार देणारी ही. वीज कुठेतरी लांब पडते, पण तिचा धक्का तारेतून आपल्या घरापर्यंत येतो ना, तसा धक्का तिच्याकडची मशीन मुद्दाम देते. किती व्होल्टचा द्यायचा, कुठल्या वायरीतून द्यायचा, सगळं एका जाड्या पुस्तकात लिहिलेलं. त्याला स्टँडर्ड म्हणतात. पाच झटके प्लसचे, पाच मायनसचे. आणि दर झटक्यानंतर एक मिनिट थांबायचं.

“थांबायचं कशाला?” मी विचारलं होतं. “धडाधड दहा देऊन मोकळी हो.”

“आतले पार्ट तापतात. थंड व्हायला वेळ द्यावा लागतो. घाईघाईत दिले तर चांगलं सॅम्पलपण मरतं, आणि मग खोटा फेल लिहिला जातो.”

म्हणजे बघा, झटका पापणी लवायच्या आत हजारदा होऊन जातो. नोकरी खरी त्या मिनिटाची. खोली बंद, फोन बाहेर ठेवायचा, समोर एक डबा आणि घड्याळ. मिनिट बसायचं. टक. परत मिनिट बसायचं. दिवसभर. ह्या बाईला त्याची अशी सवय लागलीय की विचारा, “चहा घेणार का?” तुमचं आधण ठेवून, उकळून, गाळून होतं तेव्हा ती म्हणते, “हो.” सोसायटीत सगळे तिला शिष्ट म्हणतात. मी नाही म्हणत. मी तोपर्यंत चहा ओतून मोकळी होते.

एकदाच तिला झटपट बोलताना बघितलंय. इंटरनेटवाल्याने माझ्या दारावर विजेपासून वाचवणारी छोटी पेटी बसवली. तिची हिरवी अर्थिंगची वायर लांब होती, ती त्याने जिलबीसारखी गोल गुंडाळून प्लास्टिकच्या टायने बांधली. मला आवडली. ही दारातून बाहेर पडली, बघितलं, आत जाऊन पकड घेऊन आली आणि कच्चकन ती जिलबी कापून वायर आखूड, सरळ जोडून टाकली.

“काकू, लोकरीचा गुंडा आहे का हा? वीज वळणं घेत जात नाही. वळण दिसलं की मधेच उडी मारते, ती तुमच्या टीव्हीत.”

एवढी डाफरली की मला वाटलं टीव्ही हिच्या माहेरचाच आहे.

आता चंद्रशेखर. त्या खोलीत पूर्वी दोघं असायचे, एकाने झटका द्यायचा, दुसऱ्याने लिहायचं. हा लिहायचा. चंद्रशेखर तांबे, महाडकडचा. आठ वर्षं दोघं त्या खोलीत. त्यांच्या गप्पासुद्धा म्हणे मिनिटामिनिटाच्या तुकड्यांत चालायच्या. तो गोष्ट सुरू करायचा, टक, झटका, वहीत लिहायचं, मग पुढची गोष्ट. एकेक गोष्ट दहा झटके चालायची. चार वर्षांपूर्वी त्याने नोकरी सोडली आणि नावड्याला गाळा घेऊन स्वतःच्या पेट्या बनवायला लागला, माझ्या दारावर आहे ना, तसल्या. लॅबने त्याच्या जागी माणूस घेतला नाही. झटका पण हीच देणार, लिहिणार पण हीच.

पण दर शनिवारी दुपारी तो लॅबच्या गेटवर यायचा. बाहेर बाकडं आहे, तिथे बसून दोघं डबा खायचे. मग तो महाडची एसटी पकडायचा. बायको तिथे शाळेत शिकवते. तिला सगळं माहीत, हिचं तिच्याशी फोनवर बोलणं असायचं. मी आपली पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भुवया उडवल्या होत्या, खोटं कशाला बोलू. पण लपवण्यासारखं काही नव्हतंच. आणि नाव देण्यासारखंही नव्हतं. आठवड्यातल्या सात दिवसांत, ऑफिसचं काम सोडून, ही बाई त्या एका बाकड्यावर पोटभर बोलायची. बाकी मग मी. मी बोलते आणि ती ऐकते, ते काही बोलण्यात धरता येत नाही.

मे महिन्यात लॅबमध्ये एक सॅम्पल आलं. सॅम्पलवर नाव नसतं, नुसता नंबर असतो. पण हिने ओळखलं. चंद्रशेखर स्क्रू हलू नये म्हणून त्याच्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका देतो, लॅबमध्ये असल्यापासूनची सवय. चारी स्क्रूंवर लाल ठिपके.

आता नियम असा आहे की सॅम्पलवाला ओळखीचा असेल तर फॉर्म भरून लॅबच्या हेड वैदेही मॅडमना द्यायचा, ते काम मग दुसरा कोणीतरी करतो. त्या फॉर्मवर एक रकाना आहे, नातं. नवरा लिहा, भाऊ लिहा, मामा लिहा. ही काय लिहिणार? मित्र लिहिलं तर बायामाणसं काय म्हणतील, आणि नुसता ओळखीचा म्हटलं तर ते खोटं. हिने फॉर्मच भरला नाही. पेटी टेबलावर घेतली.

हे सगळं तिने मला फार नंतर सांगितलं. मला तेव्हा माहीत असतं तर पुढचं झालंच नसतं, मी तर बाई पोटात काही ठेवत नाही.

पेटीतून हिरवी वायर निघत होती, चांगली हातभर लांब, सुरेख गोल गुंडाळलेली, टाय लावलेला. सोबतच्या कागदावर लिहिलेलं, दिली आहे तशीच जोडावी. आणि लॅबने सॅम्पलला हात लावायचा नसतो. जसं आलं तसं जोडायचं. पेटीच्या मागे एक राउटर लावतात. दहा झटक्यांनंतर राउटरचा हिरवा दिवा चालू राहिला तर पास.

तिने पहिला झटका दिला. दिवा हिरवा. मिनिट. दुसरा. हिरवा. तिला माहीत होतं ती वायर दगा देणार. पकड हाताशी होती, ड्रॉवरमध्ये. “काकू, दर मिनिटाला त्या ड्रॉवरकडे बघितलं मी,” म्हणाली. पाच प्लसचे झाले. मायनसचे सुरू झाले. सहा, सात, आठ. हिला वाटायला लागलं निघेल बहुतेक. नवव्याला दिवा गेला.

तिने वहीत फेल लिहिलं. दुसरं काय लिहिणार?

खारघरच्या एका केबलवाल्याने त्याला दोनशे पेट्या सांगितलेल्या, पण पासचा रिपोर्ट बघून. शनिवारी तो गेटवर आला, डबा उघडलाच नाही.

“कशाने गेली?”

“रिपोर्टमध्ये लिहिलंय.”

“रिपोर्टमध्ये नववा झटका एवढंच लिहिलंय. कशाने ते सांग.”

“लॅबने सल्ला द्यायचा नसतो. तुला माहितेय.”

“मग लॅब म्हणून नको सांगू. संघमित्रा म्हणून सांग. आठ वर्षं एका डब्यात जेवलोय आपण.”

ती गप्प राहिली. तो उठला, “राहू दे मग,” म्हणाला आणि गेला. मला सांगताना ती म्हणाली, “मी नाहीच म्हणणार होते काकू. पण त्याने एक मिनिट तरी थांबायचं होतं.”

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मला कसं कळलं? शनिवारी संध्याकाळी माझी बेल वाजायची. “काकू, भाजी उरली.” भरली वांगी. पुढच्या शनिवारी मेथीचं पिठलं. तिसऱ्या शनिवारी परत वांगी. डबा दोघांचा भरायची आणि अर्धा परत आणायची. भाजी एवढी झकास की मी पहिले दोन शनिवार काही विचारलंच नाही, हावरटासारखी खाल्ली. तिसऱ्या शनिवारी मात्र खटकलं. डबा द्यायला गेले तर ही दिवा न लावता हॉलमध्ये बसलेली. टीव्ही बंद. हातात काही नाही.

“काय करतेयस गं?”

बऱ्याच वेळाने, “काही नाही.”

“झालंय काय?”

“चंद्रशेखरची पेटी फेल झाली. मी केली.”

“मग?”

“मग काही नाही.”

एवढंच. त्या रविवारी खाली झाकणाजवळ गेली, पाणी ओतलं आणि लगेच वर आली. मोजलं नाही. मी गॅलरीतून बघत होते.

सोमवारी मी रिक्षा केली आणि कळंबोलीवरून नावडं गाठलं. बहाणा तयार होता, बिल्डिंगच्या गेटवरच्या कॅमेऱ्याला पेटी पाहिजे. डोक्यात एकच, त्याचे कान पिळायचे आणि शनिवारी गेटवर पाठवायचा. गाळा छोटासा, चार बाया सोल्डरिंग करतायत, हा कपाळावर चष्मा चढवून उभा.

“मी संघमित्राच्या समोरची काकू,” म्हटलं. त्याचं तोंड पडलं. कान पिळायचं माझ्या हातून राहूनच गेलं. मग आपलं काहीतरी बोलायचं म्हणून रॅककडे बघितलं. ओळीने पेट्या, प्रत्येकीला हिरव्या वायरीची गुंडाळी, सगळ्या एकसारख्या.

“किती सुबक हो!” मी म्हटलं. “पण आमच्या बाईला नका दाखवू हां. पकड घेऊन धावत येईल. माझ्या दारावर अशीच जिलबी होती तर केवढी डाफरली माझ्यावर, लोकरीचा गुंडा आहे का म्हणून.”

त्याने चष्मा डोळ्यांवर घेतला. “आणखी काय म्हणाली?”

“वीज वळणं घेत जात नाही म्हणाली. मधेच उडी मारते.”

तो स्टुलावर बसला. एक पेटी उचलली, उलटीसुलटी केली. “मावशी,” म्हणाला, “आठ वर्षं दुसऱ्यांच्या अशा वायरींना हसलो. आणि स्वतःच्या पेटीला बायांना शिकवून शिकवून गुंडाळी घालतोय. देखणी दिसते म्हणून! बांधताना बरी पडते म्हणून!”

मला काही कळलं नाही. चहा मात्र चांगला होता. कॅमेऱ्याची पेटी तो द्यायचा विसरला आणि मी मागायची.

दहा-बारा दिवसांनी लॅबमध्ये नवीन सॅम्पल आलं. चार लाल ठिपके, आणि हिरवी वायर वीतभर, सरळ. संघमित्राने बघितलं. आधीची पेटी वायरीमुळे गेली हे तिच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं आणि तिने कोणाला सांगितलं नव्हतं. ती मिनिटभर बसली असणार, मला खात्री आहे. मग उठून वैदेही मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

“मॅडम, हे सॅम्पल मला नका देऊ. माणूस ओळखीचा आहे.”

मॅडम वयाने हिच्यापेक्षा लहान, पण कडक. म्हणाल्या, “मागच्या महिन्यात असंच एक आलं होतं.”

“ते पण त्याचंच. मला ओळखू आलं होतं. मी फॉर्म भरला नाही.”

“मग आता भरा.”

हिने भरला. नात्याच्या रकान्यात लिहिलं, मित्र.

मॅडमनी वाचलं. “एवढंच ना?”

“एवढंच.”

तो एक शब्द मागच्या महिन्यात लिहिला नाही म्हणून मेमो मिळाला, वीस वर्षांतला पहिला. आधीचा फेल रद्द झाला, आणि हिला तीन महिने त्या खोलीतून काढून केबलच्या सेक्शनला टाकलं. सॅम्पल बाजीराव म्हणून दुसरे टेस्टर आहेत, त्यांच्याकडे गेलं. ही बाहेर पॅसेजमध्ये उभी राहिली. आत टक झालेलं दाराबाहेर ऐकू येतं म्हणे, कान दिला तर. घड्याळ नव्हतं हातात, पण हिला काय घड्याळ लागतं? आठ झाले. नववा झाला तेव्हा तिने भिंतीला हात लावला. मग दहावा. बाजीराव दार उघडून म्हणाले, “हिरवा आहे, खिल्लारे मॅडम. जा आता, जेवून घ्या.”

त्या संध्याकाळी माझी बेल वाजली. हातात भाजी नव्हती.

“काकू, नावड्याला कोण गेलं होतं?”

“मी आपली कॅमेऱ्यासाठी...”

ती बघत राहिली. मी बोलणी खायची तयारी केली. पदर खोचला, सोडला, परत खोचला.

“परत जाऊ नका,” ती म्हणाली. मग दारातच चपला काढल्या आणि माझ्या किचनमध्ये येऊन बसली. मी काही न विचारता चहा ठेवला. ह्या वेळी मला सगळं सांगितलं, वर लिहिलंय ते.

जूनच्या शेवटच्या रविवारी चंद्रशेखर आला. मी योगायोगाने साखर मागायला गेले होते. घरी दोन किलो होती, तो भाग सोडा. त्याने बायकोने दिलेले पोह्याचे पापड टीपॉयवर ठेवले. रिपोर्ट पास झाल्याबद्दल दोघांनी अक्षर काढलं नाही. इकडचं तिकडचं झालं. मग तो म्हणाला, “शनिवारी आता जमायचं नाही गं. दोनशे पेट्या बसवून झाल्या की पुढचं काम कल्याणला आहे. गाळापण तिकडेच बघतोय.”

“बरं,” संघमित्रा म्हणाली.

“मधून मधून येईन.”

“ये ना.”

मी पापड तळायला घेतले, नाहीतर रडले असते. आतून ऐकत होते.

“खोली काय म्हणते आपली?” त्याने विचारलं.

“मी केबलला आहे आता. तीन महिने.”

“माझ्यामुळे.”

“माझ्यामुळे. फॉर्म मी नव्हता भरला.”

मी पापड उलटला. तेलाचा आवाज तेवढा. मग त्याचा आवाज आला, जरा मोकळा, “डोळे मिटले तरी दिसते बघ ती खोली. त्या निळ्या भिंती.”

“निळ्या नव्हत्या.”

“म्हणजे काय? आकाशी निळ्या!”

“पिस्ता.”

“आठ वर्षं बसलोय मी तिथे, संघमित्रा!”

“मी वीस वर्षं बसलेय.”

मी पापड घेऊन बाहेर आले आणि त्याची बाजू घेतली, मला राहवत नाही. “निळ्याच असणार गं. असल्या खोल्या निळ्याच असतात.”

“काकू, तुम्ही कधी आत आलायत?”

मी पापड खायला लागले. तिने फोन घेतला आणि फोटो मागे मागे सरकवत राहिली, चार वर्षं मागे. त्याच्या शेवटच्या दिवसाचा फोटो निघाला. हातात गुलाबांचा गुच्छ, कपाळावर चष्मा, एकटाच उभा. काढणारी ही असणार, त्या एका दिवशी फोन आत नेऊन. त्याच्या मागे भिंत.

चंद्रशेखरने फोन जवळ धरला, लांब धरला. “हा ट्यूबचा रंग पडलाय.”

“ट्यूब पांढरी होती.”

“मग ऊन असेल. खिडकीतून तिरीप आली असेल, पिवळं ऊन निळ्यावर पडलं की...”

“कुठली खिडकी? त्या खोलीला खिडकी आहे?”

त्याने फोटोकडे परत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दुसरा पापड उचलला.

“पिस्ता,” तो म्हणाला.

“फिका पिस्ता,” संघमित्रा म्हणाली आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.